विचारायची लाज आणि पडद्यावरचा धडा



श्रुतपंचमी होऊन गेली. आपण शास्त्रांची वेष्टनं बदलली, जिनवाणीची पूजा केली आणि ग्रंथ पुन्हा कपाटात ठेवून दिले. आता चातुर्मास तोंडावर आला आहे. पाठशाळा नव्याने भरतील, महिला मंडळाची नवी वही सुरू होईल, दुपारचे स्वाध्याय सुरू होतील. या निमित्ताने मला एक गोष्ट जरा ठासून सांगायची आहे. आपल्यापैकी जिला जे नीट येतं, मग तो आठ कर्मांचा तक्ता असो की मंडळाची रोजकीर्द, ते तिने पडद्यावर दाखवत, स्वतःच्या आवाजात, आपल्या मराठीत रेकॉर्ड करून ठेवावं. दुसऱ्यांचं फॉरवर्ड करण्यात आपण पटाईत आहोतच. आता थोडं स्वतःचं तयार करायला लागू या.

अशा रेकॉर्डिंगला स्क्रीनकास्ट म्हणतात. नाव ऐकून बिचकू नका. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर आपण जे करतो ते जसंच्या तसं टिपलं जातं आणि सोबत आपण बोलत राहतो, एवढंच. कॅमेऱ्यासमोर बसायचं नाही, कोणती साडी नेसू हा प्रश्न नाही, चेहरा दिसतच नाही. मला तर हीच यातली मोठी सोय वाटते. आपल्या वयाच्या बायकांना माईक हातात दिला की घसा कोरडा पडतो. पण पोळ्या लाटता लाटता शेजारच्या मुलीचे पाढे म्हणवून घ्यायला आपल्याला काही वाटत नाही. स्क्रीनकास्टमध्ये आपण तसंच एखादीच्या शेजारी बसून सांगत असतो.

हे कशासाठी करायचं, ते आधी सांगते. आपल्याकडे शिकताना आडकाठी कशाची येते? पैशाची थोडी, वेळेची बरीच आणि सर्वांत जास्त लाजेची. एकाच घरात पाहा. सून अभियंता आहे, मोठ्या कंपनीचं काम घरी बसून करते, पण पूजेत कोणतं द्रव्य कधी चढवायचं हे तिला नीट माहीत नाही. माहेरी मंदिर लांब होतं, शिकायचं राहून गेलं. आता विचारावं तर 'एवढंही येत नाही का?' ही नजर सोसावी लागेल, म्हणून ती मागे उभी राहते आणि बाकीच्यांच्या हातांकडे पाहून हात हलवते. सासूला सगळी पूजा तोंडपाठ आहे, पण दानाची रक्कम मोबाइलवरून पाठवायची तर मुलगा घरी येईपर्यंत ती थांबते. सुनेला विचारलं तर आपला मान कमी होईल असं तिला वाटतं. एकीला हवं ते दुसरीपाशी आहे, आणि दोघीही गप्प आहेत.

महिला मंडळातही काही वेगळं नसतं. हिशेब एकीलाच येतो. ती आजारी पडली किंवा लेकाकडे पुण्याला गेली की वही तशीच राहते. मग वर्षाच्या शेवटी कुणाच्या तरी यजमानांना बोलावून ताळेबंद मांडून घ्यायचा. पैसे बायकांनी जमवलेले, खर्च बायकांनी केलेला, आणि त्याचा हिशेब बायकांनाच वाचता येत नाही. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे म्हणून असेल, पण मला हे फार लागतं. ज्या पैशाचा हिशेब आपल्याला कळत नाही त्या पैशावर आपला हक्कही नावापुरताच राहतो.

रेकॉर्ड केलेला धडा ही लाज बाजूला करतो. तो दहादा लावला तरी सांगणारीच्या कपाळावर आठी पडत नाही. रात्री सगळे झोपल्यावर कानात हेडफोन घालून पाहता येतो. समजलं नाही की थांबवता येतं, मागे नेता येतं. 'मला येत नाही' हे जगाला सांगितल्याशिवाय शिकता येतं.

खान अकॅडमीचं नाव तुमच्या नातवंडांनी ऐकलेलं असेल. अमेरिकेतल्या सलमान खान यांनी (सिनेमातले नव्हेत) २००४ साली नात्यातल्या एका लहान बहिणीला लांबून गणित शिकवायला सुरुवात केली. पुढे आणखी भावंडं शिकायला आली, तेव्हा २००६ पासून ते धडे रेकॉर्ड करून यूट्यूबवर ठेवू लागले. काळा पडदा, त्यावर रंगीत पेनाने उमटणारे आकडे आणि मागे त्यांचा आवाज, चेहरा कुठेच नाही. ते स्वतः सांगतात की भावंडांना प्रत्यक्षातल्या दादापेक्षा यूट्यूबवरचा दादाच जास्त आवडला. कारण सरळ आहे. दादाचा वेळ आपण फुकट घालवतोय असं न वाटता त्यांना हवं तितक्या वेळा धडा ऐकता येत होता, आणि समोर कुणी 'कळलं का?' असं विचारत नव्हतं. जगभर पोहोचलेल्या त्या शाळेचा उगम भावंडांच्या शिकवणीत आहे, हे मला फार आवडतं. घरातल्या माणसाने घरातल्या माणसासाठी केलेलं काम होतं ते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपल्या पाठशाळाही फोनवर आल्या. त्या वर्षी दशलक्षण पर्वातही मंदिरं बंद होती. व्हिडिओ कॉलवर मुलं जमली, भक्तामर म्हणू लागली, पाहून डोळे भरून आले. पण शिकणं किती झालं? आमच्या औशासारख्या गावात घरात एकच मोठा फोन. त्यावर थोरल्याचा शाळेचा तास चालू असला की धाकटीची पाठशाळा बुडाली. मधेच लाईट गेली, नेट गेलं की तो धडा हातचा गेला तो गेलाच. दहा मुलं एकदम बोलायला लागली की बाईंचा आवाज कुणालाच ऐकू येत नसे. त्या काळात मी एक पाहिलं. भेटायला, प्रश्न विचारायला, एकत्र स्तोत्र म्हणायला समोरासमोरचा वर्ग चांगला. एखादा तक्ता किंवा एखादी कृती पायरीपायरीने शिकवायची तर रेकॉर्ड केलेला धडा कितीतरी बरा.

आता असा धडा चांगला कसा होतो, ते पाहू. यासाठी लांब जायला नको, आपल्या महाराष्ट्रातच उत्तम नमुना आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प उभा राहिला. संगणकावरचे मोफत प्रोग्राम शिकवणारे स्क्रीनकास्ट तिथे तयार होतात. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. पडदा इंग्रजीच राहतो, कारण नोकरीच्या ठिकाणी तोच समोर येणार असतो. बोलणं मात्र भारतीय भाषांमध्ये केलेलं असतं, त्यात मराठीही आहे. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला तोच प्रोग्राम उघडायचा आणि धड्यातलं पाहून लगेच स्वतः करायचं. हे सगळं शिकणाऱ्याला फुकट आहे.

त्यांच्या कामाची रीत मला विशेष आवडली. रेकॉर्डिंगचं बटण सगळ्यांत शेवटी येतं. आधी लेखी मजकूर तयार करतात. कागदाचे दोन रकाने करायचे, एकात पडद्यावर काय दिसेल ते लिहायचं आणि दुसऱ्यात त्या वेळी काय बोलायचं ते. मग तो मजकूर त्या विषयातलं काहीच न येणाऱ्या माणसाला देतात आणि त्याला केवळ तेवढ्यावरून काम जमतं का ते पाहतात. तो जिथे अडेल तिथे मजकूर दुरुस्त करायचा. आपणही लोणच्याची कृती कुणाला लिहून देतो तेव्हा 'मीठ अंदाजाने' असं लिहितो, आणि नवशिकी तिथेच अडते. तिचा अंदाज अजून तयार झालेला नसतो. चांगल्या धड्यात 'अंदाजाने' हा शब्दच येता कामा नये.

दुसरं उदाहरण आपल्या जवळच्या सोलापूर जिल्ह्यातलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते ते रणजितसिंह डिसले गुरुजी. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे कविता, व्हिडिओ, गोष्टी ठेवायच्या ही त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत आली. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. दान म्हणजे काय हे आपल्याला शिकवावं लागत नाही, पण इथे मान लवतेच. आमच्याकडची मुलं 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांसाठी वीस किलोमीटर जा-ये करतात. परितेवाडीच्या मुलांच्या बाबतीत धडाच घरी आला. छोट्या गावात राहणाऱ्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

तुमच्या मनात एक शंका आली असेल. हिशेब, संगणक हे ठीक आहे, पण धर्म असा मोबाइलवर शिकवायचा का? मी तर म्हणते की आपल्या परंपरेत याला भक्कम आधार आहे. श्रुतपंचमी आपण का साजरी करतो? श्रुत तोवर गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जात होतं. स्मरणशक्ती क्षीण होत चालली, आपल्यामागे हे ज्ञान टिकणार नाही हे ओळखून धरसेनाचार्यांनी गिरनारच्या गुहेत पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवलं, आणि त्या दोघांनी षट्खंडागम ग्रंथरूपात आणला. त्या काळी श्रुत ताडपत्रावर लिहिणं ही नवीच वाट होती. 'गुरुमुखातून आलेलं पानावर उतरवायचं का?' असं तेव्हाही कुणाच्या मनात आलं असेल. ते उतरवलं नसतं तर आज आपण पूजा कशाची केली असती?

त्याच ग्रंथाची पुढची कथाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मूडबिद्रीला ताडपत्रांवरची धवला-जयधवला शतकानुशतकं जपून ठेवली होती. भाविक दर्शन घेत, पण ग्रंथ वाचायला मिळत नसे. पुढे त्याच्या नकला झाल्या, डॉ. हीरालाल जैन यांनी संपादन केलं, आणि १९३९ साली आपल्या महाराष्ट्रातल्या अमरावतीहून धवलेचा पहिला भाग छापून आला. सोळा भाग पूर्ण व्हायला १९५८ साल उजाडलं. दर्शनापुरता असलेला ग्रंथ तेव्हा कुठे वाचनाचा झाला. आपल्या घरोघरी आजही कितीतरी ज्ञान असं दर्शनापुरतंच आहे. 'आमच्या काकूंना सगळा कर्मग्रंथ पाठ आहे हो' असं आपण कौतुकाने सांगतो. काकूंचं वय झालं आहे, त्यांच्यानंतर काय?

हेच सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरून ठेवण्याचं काम चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने झालं. महाराजांची सल्लेखना आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, कुंथलगिरीला झाली, सप्टेंबर १९५५ मध्ये. त्या सल्लेखनेच्या काळात त्यांनी मराठीत दिलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित केला गेला. म्हणून तो आवाज आपल्यापर्यंत पोहोचला. ताडपत्र, तांबं, छापखाना, ध्वनिफीत, प्रत्येक काळात श्रावकांनी हाताशी असलेलं साधन जिनवाणीसाठी वापरलं. आपल्या हातात मोबाइल आहे, आणि त्याचा उपयोग आपण सुप्रभात पाठवण्यासाठी करतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणं सांगितली आहेत. त्यात निह्नव आहे, म्हणजे असलेलं ज्ञान लपवणं. मात्सर्य आहे, म्हणजे दुसरा आपल्या बरोबरीला येईल म्हणून न शिकवणं. अंतराय आहे, म्हणजे शिकणाऱ्याच्या वाटेत अडथळा आणणं. आपण मुद्दाम लपवतो असं मी म्हणत नाही. पण 'माझ्याशिवाय मंडळाचं पान हलत नाही' या वाक्यात जो सुखाचा गोळा असतो, तो प्रत्येकीने एकदा तपासून पाहावा. शास्त्रदान हे चार दानांतलं एक दान. आहारदानाच्या वेळी आपण किती जपतो, शोध करतो, निवडून-पाखडून घेतो. तेवढी तयारी एका सात मिनिटांच्या धड्यासाठी करायला काय हरकत आहे?

प्रत्यक्ष कसं करायचं, ते दोन उदाहरणांनी सांगते.

पहिलं आठ कर्मांचं. आठ मूळ प्रकृती आणि त्यांच्या एकशे अठ्ठेचाळीस उत्तर प्रकृती. मुलं या आकड्यालाच घाबरतात. खरं म्हणजे हा एक सुबक तक्ता आहे. ज्ञानावरणीय ५, दर्शनावरणीय ९, वेदनीय २, मोहनीय २८, आयु ४, नाम ९३, गोत्र २, अंतराय ५. बेरीज करून पाहा, बरोबर १४८ येते. पुस्तकात हे सगळं एका पानावर अंगावर येतं. पडद्यावर आपण एकेक ओळ उघडू शकतो. पहिल्या धड्यात आठ नावं आणि बेरीज, बस. दुसऱ्या धड्यात मोहनीयच्या अठ्ठाविसांपैकी नुसते सोळा कषाय घ्यायचे. त्यासाठी चार बाय चारची चौकट काढा. उभ्या बाजूला अनंतानुबंधी, अप्रत्याख्यान, प्रत्याख्यान, संज्वलन. आडव्या बाजूला क्रोध, मान, माया, लोभ. एकेक घर भरत जा आणि भरताना बोला. सोळा घरं भरली की सोळा कषाय झाले. मी पाठशाळेसाठी हा धडा मोबाइलवर केला, पावणेसात मिनिटांचा. मुलांनी पाहिलाच, पण मंदिरात दोन-तीन सुनांनी मला हळूच बाजूला घेऊन सांगितलं की 'काकू, आम्हालाही आत्ता कळलं.' स्वाध्यायात त्या वर्षानुवर्षं मान डोलवत बसत होत्या.

दुसरं मंडळाच्या हिशेबाचं. संगणकावर किंवा मोबाइलवर एक्सेल, नाहीतर संगणकावर त्यासारखं मोफत मिळणारं लिबरऑफिस कॅल्क उघडा. सहा रकाने करा, तारीख, तपशील, पावती क्रमांक, जमा, खर्च, शिल्लक. शिल्लकेच्या घरात सूत्र कसं लिहायचं ते दाखवा: आधी बरोबरचं चिन्ह, मग आदल्या ओळीतली शिल्लक, अधिक आजची जमा, वजा आजचा खर्च. एकदा लिहिलं की तेच सूत्र खालच्या ओळींत ओढून नेता येतं. एवढाच एक धडा. खतावणी दुसऱ्या धड्यात, तेरीज तिसऱ्यात, ताळेबंद चौथ्यात. एका दमात सगळं सांगायला गेलात तर ऐकणारी तिसऱ्या मिनिटाला सोडून देईल. उदाहरणाला आकडे आपलेच घ्या, वर्गणी शंभर रुपये, अक्षता-बदाम-श्रीफळाचा खर्च एवढा, पर्वातल्या प्रभावनेचा खर्च एवढा. पुस्तकातल्या 'अ आणि ब यांची भागीदारी' यापेक्षा हे पटकन डोक्यात शिरतं.

आता काही बारीक गोष्टी. आजकालच्या बहुतेक मोबाइलमध्ये स्क्रीन रेकॉर्डरची सोय असतेच. वरून बोटाने पडदा खाली ओढला की तिथे बटण सापडतं. संगणकावर ओबीएस स्टुडिओ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. रेकॉर्ड करण्याआधी फोनवरचे मेसेज आणि कॉल बंद ठेवा, नाहीतर धड्याच्या मधोमध घरातली खासगी गोष्ट पडद्यावर झळकेल आणि गावभर जाईल. बँकेचा खाते क्रमांक, देणगीदारांची नावं, फोन नंबर खऱ्या वहीतले दाखवू नका, धड्यासाठी वेगळी खोटी वही करा. पंखा बंद करा. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा. आपलं सूर्यास्ताआधी जेवण आटोपतं, त्यानंतरचा शांत वेळ या कामाला चांगला. अक्षर मोठं ठेवा, कारण पाहणारी छोट्या फोनवर पाहणार आहे. आणि 'इथे दाबा, मग तिकडे जा' असं म्हणू नका, 'वर डाव्या कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबा' असं म्हणा. डोळे अधू झालेल्या बाईला 'इथे' म्हणजे कुठे ते दिसत नाही.

बोलण्याच्या बाबतीत आपल्याला नवं काही शिकायचं नाही. भाषासमितीत हित, मित, प्रिय बोलायला सांगितलं आहे, तीच कसोटी इथे लावा. ऐकणारीच्या उपयोगाचं तेवढंच बोलायचं, मोजकं बोलायचं आणि तिला कमी न लेखता बोलायचं. 'हे तर अगदी सोपं आहे' असं कधीही म्हणू नका. जिला ते सोपं वाटत नसतं, ती तिथेच खचते. आणि प्रस्तावना नको. पाच मिनिटं मंगलाचरण, पाच मिनिटं आभार आणि मधे दोन मिनिटं विषय, असे व्हिडिओ आपण पुष्कळ पाहिले आहेत. णमोकार मंत्र म्हणा आणि धड्याला लागा.

मराठीचा आग्रह मी मुद्दाम धरते आहे. माझ्या पाहण्यात येणारं धर्माचं बहुतेक ऑनलाइन साहित्य हिंदीत असतं. ते चांगलं असतं, पण आपली मुलं शाळेत मराठी नाहीतर इंग्रजी शिकतात. हिंदी प्रवचनातला अर्धा शब्द त्यांच्या डोक्यावरून जातो आणि ती तसं सांगतही नाहीत. शांतिसागर महाराजांनी अखेरचा उपदेश मराठीत केला, मग आपण आपल्या पाठशाळेसाठी मराठीत चार धडे करायला का लाजावं?

काही मैत्रिणी म्हणतील, शिकवायला पंडितजी आहेत, त्यागीगण आहेत, आपण कोण? बरोबर आहे. सिद्धांताचा अर्थ लावणं हे आपलं काम नाही आणि तसं करूही नये. नावं, क्रम, तक्ते, पूजेची द्रव्यं, हिशेब, मोबाइलवरचे व्यवहार, हे पायाचं काम आपलं. धर्माच्या धड्यात कोणत्या ग्रंथातून घेतलं ते स्पष्ट सांगा, आपली मतं मिसळू नका, आणि मजकूर रेकॉर्ड करण्याआधी एखाद्या जाणत्या माणसाला वाचायला द्या. दुसऱ्याचं पुस्तक पानापानाने पडद्यावर लावायचं नाही, कुणाचं प्रवचन कापून आपल्या नावावर घालायचं नाही. अचौर्यव्रत इथेही लागू आहे.

मुलं आधीच मोबाइलमध्ये बुडाली आहेत, त्यात आणखी भर कशाला, ही काळजी मलाही आहे. म्हणूनच धडा सात-आठ मिनिटांचा असावा आणि त्याच्या शेवटी 'आता फोन ठेवा आणि वहीत चौकट काढा' असं सांगावं. एक गोष्ट मात्र पडद्याला कधीच जमणार नाही. समोरच्या मुलाचा चेहरा उतरला, हे त्याला दिसत नाही. म्हणून रविवारची पाठशाळा बंद करायची नाही, उलट तिथला वेळ मोकळा करायचा. तक्ता मुलांनी घरी पाहून यावा, आणि पाठशाळेत बाईंनी विचारावं, 'काल भावाशी भांडलास, तो यातला कोणत्या घरातला क्रोध होता?' हे विचारायला माणूसच लागतं.

तेव्हा या चातुर्मासासाठी माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक मंडळाने चार धडे करावेत, जास्त नकोत. एक पूजेच्या क्रमाचा, एक कर्मांच्या तक्त्याचा, एक रोजकीर्दीचा, एक मोबाइलवरून सुरक्षितपणे पैसे पाठवण्याचा. पहिले दोन ज्येष्ठ बायकांनी सांगावेत आणि सुनांनी रेकॉर्ड करावेत. शेवटचा सुनांनी सांगावा आणि सासवांनी तो आधी वापरून पाहावा, त्या जिथे अडतील तिथे दुरुस्त करावा. रोजकीर्दीचा धडा जिच्याकडे वही आहे तिने करावा, आणि पुढच्या वर्षी वही दुसरीकडे द्यावी.

शास्त्रांची वेष्टनं आपण दरवर्षी बदलतो, ते आत काहीतरी जपून ठेवलं आहे म्हणून. आपल्या काकूंना, आपल्याला स्वतःला जे येतं तेही जपण्यासारखं आहे. ते आपल्याबरोबर जाऊ देऊ नका.

जय जिनेंद्र.